शर्यत बारामतीला, आम्ही सासवडला

सांगवीच्या माणसाला चढ-उतार कळतो तो पाण्यामुळं. कुठल्या वाफ्यात पाटाचं पाणी आपसूक शिरतं आणि कुठल्या वाफ्याकडं ते नुसतं बघून माघारी फिरतं, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण हा सगळा मामला वीतभर उंचीचा. बारामती-फलटण रस्त्यावर, नीरेच्या काठाला वसलेलं आमचं गाव. सायकलला एक टांग मारली की दोन्ही अंगांनी ऊस, ऊस आणि ऊस लागतो. रस्ता वर चढलाच तर तो गतिरोधक असतो. अशा गावातल्या तिघांनी सायकलवरून डोंगरात जाऊन शर्यत बघावी, हे गावात कुणालाच पटलं नाही. तात्यांना पटलं होतं. आणि तात्यांना एखादी गोष्ट पटली की ती दुसऱ्याला पटवून देण्याच्या भानगडीत ते पडत नाहीत.

शर्यत मात्र नावाजण्यासारखी होती. पुणे ग्रँड टूर. २०२६ च्या जानेवारीत, १९ ते २३ तारखेपर्यंत, पुणे जिल्ह्याच्या रस्त्यांवरून ४३७ किलोमीटर. मुंबई-पुणे सायकल शर्यत आपल्याकडं जुनी आहे. बोरघाट सगळ्यांत आधी चढेल त्याला ‘घाटाचा राजा’ म्हणायची रीतही जुनी. पण आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या यादीतली, टप्प्याटप्प्यांची, देशोदेशीचे पोटार्थी सायकलवाले उतरवणारी अशी शर्यत भारतात पहिल्यांदाच होत होती. तिच्यासाठी म्हणे रस्ते नव्यानं गुळगुळीत केले होते. नुसते ते रस्ते बघायलाही जायला हरकत नव्हती.

तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांची हयात गेली. त्यामुळं समोर काहीही आलं, माणूस, म्हैस, कलिंगड, की तात्या आधी नजरेनं वजन करतात आणि मग नाव विचारतात. माझ्या पुतण्यानं त्यांना मोबाइलवर फ्रान्सची ती प्रसिद्ध शर्यत दाखवली, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “सायकल किती किलोची?” पुतण्या म्हणाला, “तात्या, नियमच आहे. ६.८ किलोच्या खाली सायकल असलेली चालत नाही.” तात्या बराच वेळ गप्प बसले. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात सायकलवर पेंडीचं पोतं आणि त्या पोत्यावर पोरगं बसवून नेलं, त्याला हलकेपणाला बंदी घालणारा कायदा पचायला वेळ लागणारच. शेवटी म्हणाले, “म्हंजे मापात पाप तिथंबी चालतं. तवा कुठं कायदा करावा लागला.”

तिथून त्यांचा अभ्यास सुरू झाला. फ्रान्समध्ये आल्प द्युएझ नावाचा एक घाट आहे. १३.८ किलोमीटर लांबीचा, एकवीस वळणांचा. १९५२ साली शर्यत तिथून पहिल्यांदा गेली आणि इटलीचा फाउस्तो कोप्पी तो घाट पहिला चढला. शर्यतीच्या आधी कित्येक दिवस लोक तिथं तंबू ठोकून बसतात. एका वळणावर तर हॉलंडची माणसं नारिंगी कपडे घालून असा काही दंगा करतात की त्या वळणाला ‘डच कोपरा’ असंच नाव पडलं आहे. एक जर्मन गृहस्थ १९९३ पासून सैतानाचं सोंग घेऊन, हातात त्रिशूळ धरून सायकलवाल्यांच्या बाजूनं पळत आले आहेत. तात्यांना यातलं काही परकं वाटलं नाही. तंबू, गर्दी, सोंगं आणि त्रिशूळ यांच्यावाचून होणारी जत्राच त्यांना परकी वाटली असती.

या अभ्यासातून त्यांनी सिद्धान्त काढला. सपाटीवर शर्यत बघण्यात राम नाही. सपाटीवर हे लोक ताशी चाळीस-पंचेचाळीसनं सुटतात. त्या वेगाला बहुतेक ताकद वारा कापण्यात जाते, म्हणून सगळे एकमेकांच्या पाठीमागं लपून घोळक्यानं चालतात. पुढचा वारा खातो, मागचे आडोसा खातात. बघणाऱ्याला नुसता ‘झुईं’ असा आवाज ऐकू येतो. घाटात मात्र वेग पडतो. वेग पडला की आडोशाचा उपयोग संपतो, आणि मग ज्याचं वजन त्यानंच वर न्यायचं. हे शेवटचं वाक्य तात्या काट्यावरच्या आवाजात म्हणत.

सिद्धान्तात एक अडचण होती. तिसरा टप्पा, २२ जानेवारीचा, सगळ्यांत लांबचा, १३७ किलोमीटरचा, सासवडला सुटून संपणार होता बारामतीत. म्हणजे आमच्या घरापासून बारा किलोमीटरवर. म्हणजे न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, बेल्जियम इथली माणसं आमच्या बाजारपेठेच्या गावी स्वतःहून येणार, आणि आम्ही त्यांना बघायला ऐंशी किलोमीटर विरुद्ध दिशेला जाणार.

“तात्या, ती आपल्याकडंच येतीय,” मी एकदा बोलून पाहिलं.

“आपल्याकडं येस्तवर तिच्यात काय उरणाराय? रस घाटात, चिपाड बारामतीत.”

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

आदल्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. तात्यांची सायकल त्यांच्या लग्नातली आहे, आणि तिच्याविषयी बोलताना ते काकूंपेक्षा जास्त जपून बोलतात. पायजम्याला दोन्ही घोट्यांशी चाप, डोक्याला मफलर, मफलरवर गांधी टोपी, आणि पुतण्याच्या आग्रहावरून टोपीवर हेल्मेट. या तीन मजल्यांच्या बंदोबस्तामुळं त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं, आणि पुढचे दोन दिवस ते फक्त बोलण्याच्याच मनःस्थितीत होते. माझी सायकल गिअरची, पण गिअर एकाच जागी अडकलेले. पुतण्या सगळ्या शास्त्रानिशी. त्याची ती आतून गादी लावलेली तंग काळी चड्डी बघून गोठ्याशी उभ्या असलेल्या काकू म्हणाल्या, “पँट इसरलास जणू?” थंडीचे दिवस होते. त्यांचा प्रश्न मायेपोटी होता.

गळीत हंगाम ऐन भरात होता. सांगवीहून पणदऱ्याला लागेपर्यंतच रस्ता उसानं भरून गेला. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या बैलगाड्या, आणि प्रत्येक ट्रॅक्टरवर गावाला जाग आणणारं गाणं. वारा समोरून होता. पुतण्यानं मागून ओरडून सांगितलं की ट्रॉलीच्या पाठीशी राहा, तिथं वारा लागत नाही. शर्यतीतले जे एकमेकांच्या पाठीशी राहून करतात, ते आम्ही दहा-बारा टन उसाच्या पाठीशी राहून केलं. फरक एवढाच की त्यांच्या पुढच्या माणसातून मोळ्या गळत नाहीत. पुतण्यानं चालत्या ट्रॉलीतून एक ऊस ओढला आणि लगेच जीभ चावली. शेजारी काटेवाला होता.

तात्यांनी मात्र निवाडा दिला. “काट्यावर वजन झाल्यावर वढला तर कारखान्याचं नुकसान. आधी वढला तर शेतकऱ्याचं. आपुन कोण? शेतकरी. वढ आणिक एक.”

पणदऱ्याला चहा घेतला. हॉटेलवाल्यानं चड्डी पाहिली, हेल्मेट पाहिलं, तात्यांना पाहिलं.

“कुठं निघालाय सर?”

“सासवडला. सायकलची शर्यत बघायला.”

“ती तर बारामतीला येतीय की!”

“व्हय,” तात्या म्हणाले, “तिला आणायलाच चाललोय.”

हा संवाद पुढं इतक्या ठिकाणी झाला की कोऱ्हाळ्यापासून तात्यांनी उत्तरं बदलत नेली. वडगाव निंबाळकरला ते म्हणाले की बारामतीत पाव्हण्यांची सोय करायला माणसं गेली आहेत, आमच्याकडं सासवडचं खातं आहे. करंजेपुलाला म्हणाले की आम्ही घाटाचे पंच आहोत. तिथल्या माणसानं हे खरं मानलं आणि उसाचा रस पाजला. पंच म्हणून तो आम्हाला नाकारता आला नाही.

हा सगळा रस्ता नीरा डाव्या कालव्याच्या सोबतीनं जातो. इंग्रजांच्या काळात, १८८० च्या दशकात हा कालवा झाला आणि पुढं भोरकडच्या भाटघर धरणाचं पाणी त्याला मिळालं. आमच्या भागातला ऊस, कारखाने, लग्नातले मांडव, निवडणुका आणि भाऊबंदकी सगळं त्या पाण्यावर उभं आहे. कालवा काढणाऱ्यांनी त्याला इतका बेताचा उतार दिलाय की पाण्याला आपण उतरतोय हे कळत नाही. आणि म्हणूनच, उलट्या दिशेनं जाणाऱ्या सायकलवाल्याला आपण चढतोय हे कळत नाही. मांड्यांना कळतं. निंबूतच्या अलीकडं तात्या पहिल्यांदा खाली उतरले आणि त्यांनी चाक हातानं फिरवून पाहिलं. चाक छान फिरत होतं. “ब्रेक लागत आसंल,” असं म्हणून त्यांनी ब्रेकच्या रबरी गुटक्यांना उगाच दोन चापट्या मारल्या.

नीरा गावात पालखीच्या वाटेला लागलो. आषाढात माउलींची पालखी सासवड, जेजुरी, वाल्हे करत इथं येते, नीरेत पादुकांना स्नान होतं आणि मग ती लोणंदला जाते. आम्ही नेमके उलटे निघालो होतो. लाखो माणसं ज्या रस्त्यानं उतरतात तो रस्ता चढायचा म्हणजे काय, याचा विचार शतकानुशतकं कुणी का केला नाही, हे आम्हाला पिंपऱ्याच्या पुढं उमगायला लागलं. ऊस मागं राहिला. दोन्ही बाजूंना वेड्या बाभळी, पिवळं गवत आणि मेंढरं. पाण्याची शिस्त संपली होती. जमीन मनाला येईल तशी वर-खाली होत होती.

वाल्ह्याच्या पुढं दौंडजची खिंड आहे. गाडीतून जाणाऱ्याला ती लागल्याचंही कळत नाही. आम्हाला ती सविस्तर लागली. पुतण्या गिअर टाकत टाकत पुढं गेला आणि दिसेनासा झाला. मी अडकलेल्या गिअरवर उभा राहून पायडल मारत होतो, म्हणजे व्यायाम होत होता, प्रवास होत नव्हता. तात्या सायकल हातात धरून शांतपणे चालत आले आणि मला मागं टाकून गेले. जाताना म्हणाले, “घाटात उतरून चालणं नियमात बसतं. मी वाचलंय.” खरंच बसतं. मोठमोठ्या शर्यतींत लोक सायकल खांद्यावर टाकून पळाले आहेत. पण ते अपघात झाल्यावर.

खिंडीच्या डोक्यावर पुतण्याचं पुढचं चाक बाभळीच्या काट्यानं बसलं. सहा-सात हजार रुपयांच्या त्या टायरमध्ये शिरलेला काटा दोन पैशांचाही नव्हता. टपरीवजा दुकानात पंक्चरवाल्यानं घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवली, बुडबुडे शोधले, कानस मारली, सोल्यूशन लावलं आणि फुंकर मारत विचारलं, “शर्यतीतलं हाय का हे पोरगं?” तात्या म्हणाले, “हाय. पण पुढल्या सालच्या.” तेवढ्यावर त्यानं पैसे घेतले नाहीत. बारामतीला शर्यत येतीय हे त्यानंही आम्हाला सांगितलं.

जेजुरीला पोचलो तेव्हा भंडाऱ्यानं रस्ताही पिवळा होता. गड वर, पायऱ्या समोर, आणि आमच्या पायांनी खालूनच नमस्कार केला. पुतण्यानं इथं एक ज्ञान दिलं. फ्रान्सच्या शर्यतीत सगळ्यांच्या पुढं असणाऱ्याला पिवळी जर्सी घालतात. ही चाल १९१९ सालची. शर्यत भरवणाऱ्या वर्तमानपत्राचा कागद पिवळा होता, म्हणून जर्सी पिवळी. भंडारा विकणाऱ्या आजीबाई हे लक्ष देऊन ऐकत होत्या. “कागुद कशाचा,” त्या म्हणाल्या, “देवाचंच आसंल ते. सांगत नसतील.” आणि त्यांनी तात्यांच्या हेल्मेटवर मूठभर भंडारा उधळला. खेळ बघायच्या आत, एकही घाट न चढता, शर्यतीतला पहिला पिवळा मानकरी ठरला.

सासवडला माझ्या भाचीचं सासर. तिचे सासरे दारातच उभे होते. हातपाय धुवायला पाणी दिलं, चहा दिला, आणि पहिल्या घोटाला विचारलं, “पाव्हणं, शर्यत तर तुमच्याकडंच चाललीय ना?” मी तात्यांकडं पाहिलं. दिवसभर इतकी उत्तरं दिलेला माणूस त्या क्षणी थकला होता. “व्हय,” ते म्हणाले, “सोडून जावं म्हणलं.”

सासवड आचार्य अत्र्यांच्या मुलखातलं. जवळच्या कोडीतला त्यांचा जन्म. त्यामुळं इथल्या माणसाच्या बोलण्यात आकडे जरा मोकळे असतात. सासऱ्यांनी सांगितलं की असे रस्ते आणि अशी गर्दी गेल्या दहा हजार वर्षांत झाली नाही. मग अंजीर आणले. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन आहे आणि ते किती योग्य आहे, हे तात्यांनी खाऊन आणि नजरेनं वजन करून, अशा दोन्ही मार्गांनी पडताळून पाहिलं.

संध्याकाळ व्हायची होती. तात्या म्हणाले, “घाट कुठाय?”

सासऱ्यांनी चहूकडं पाहिलं. सासवड घाटाच्या वर आहे. सांगवीपासून सासवडपर्यंत आम्ही दिवसभर जे चढलो ते उतार वजा जाता सव्वादोनशे मीटरच्या आत-बाहेर. आल्प द्युएझला एवढं पहिल्या चार-पाच वळणांत होत असेल. खरा घाट म्हणजे दिवेघाट, तो सासवडच्या पलीकडं, पुण्याच्या दिशेला उतरतो. शर्यत उद्या तिकडं जाणार नव्हती. ती इकडं, आमच्याकडं येणार होती.

तात्या उठले. “घाट न बघता घाटातली शर्यत बघितली म्हणून सांगायचं? गावात त्वांड दावायला जागा ऱ्हाईल का?”

म्हणून आम्ही दिवेघाटाच्या माथ्यावर गेलो. विठ्ठलाची उंच मूर्ती तिथं कमरेवर हात ठेवून उभी आहे. खाली वडकीजवळचा मस्तानी तलाव, त्यापलीकडं हडपसरच्या इमारती, आणि घाटात रुंदीकरणाच्या धुळीतून एकामागं एक लागलेले ट्रक. आषाढात माउलींचा रथ हा घाट चढतो तेव्हा नेहमीच्या बैलजोडीवर भागत नाही. गावोगावचे शेतकरी आपापल्या जादा बैलजोड्या आणून जोडतात. सजवलेले, शिंगं रंगवलेले, कसलेले बैल, आणि तरी त्यांच्या तोंडाला फेस येतो. ते ऐकून तात्यांनी घाटाकडं बराच वेळ पाहिलं. मग स्वतःकडं पाहिलं. वजन केलं असावं.

“उतरायचं का?” पुतण्या उत्साहानं म्हणाला.

“उतरलं की चढाय लागतंय,” तात्या म्हणाले. “वरनं बघितला म्हंजे झाला. किल्ला बघायला काय खंदकात उतरत्यात व्हय?” अशा रीतीनं दिवेघाट झाला.

गुरुवारी सकाळपासून सासवडमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. शाळांची पोरं रांगेनं झेंडे घेऊन बसलेली, लेझीम, हलगी, फेटे बांधलेल्या बायका. पोलिसांनी दोऱ्या बांधलेल्या. तात्यांचा सिद्धान्त गर्दीत बसणारा नव्हता. त्यांना चढ हवा होता. म्हणून आम्ही गावाबाहेर थोडं पुढं, रस्ता जरा छाती काढतो अशा ठिकाणी, एका शेताच्या बांधावर बैठक मारली. शेजारी वाटाण्याचं रान. मालकानं शेंगा तोडायला परवानगी दिली आणि आम्ही जागतिक क्रीडेची वाट बघत शेंगा सोलत बसलो.

सायकल शर्यत बघण्याचा मुख्य भाग म्हणजे वाट बघणं. क्रिकेटमध्ये दिवसभर काहीतरी घडत असतं किंवा घडत नसतं, पण जे काही ते समोर असतं. इथं तुम्ही एका जागी आणि शर्यत दुसऱ्या. ती तुमच्याकडं येणार, तुम्हाला ओलांडणार आणि जाणार. एकदाच. तिकीट नाही, हे योग्यच आहे. मागावं तरी कशाचं? आमच्या बांधावर हळूहळू वीस-पंचवीस माणसं जमली. प्रत्येकाला काहीतरी पक्कं माहीत होतं. एक जण म्हणाला, या लोकांना जेवायला वेळ नसतो, ते चालू सायकलवर केळी खातात. हे खरं आहे. दुसरा म्हणाला, लघवीलाही थांबत नाहीत. हेही बऱ्यापैकी खरं आहे. तिसरा म्हणाला, सायकलमध्ये मोटर लपवलेली असते. बेल्जियममध्ये २०१६ साली एका बाईच्या सायकलीत ती खरोखर सापडली होती आणि तिला सहा वर्षांची बंदी झाली, असं पुतण्यानं सांगितल्यावर तात्या एकदम खूश झाले. “म्हणलं नव्हतं? मापात पाप!”

मग शिट्ट्या ऐकू आल्या. पोलिसांच्या मोटरसायकली. नंतर पंचांची गाडी. नंतर कॅमेरेवाला मोटरसायकलवर उलटा तोंड करून बसलेला. तात्या उभे राहिले. हेल्मेट सरळ केलं. जेजुरीहून आणून छातीशी धरलेला भंडाऱ्याचा पुडा सोडला.

आणि ते आले.

आले असं म्हणतोय, कारण दुसरं काय म्हणावं ते सुचत नाही. रंगीबेरंगी कपड्यांचा दीडशे माणसांचा एकच लोंढा, शेकडो साखळ्यांचा मिळून एक घर्रर्र असा आवाज, आणि तोंडावर आलेला गार वारा. चढ त्यांना दिसलाच नाही. आमच्या पायांना सकाळी जो चढ वाटला होता, त्याला ते लोक सपाटी समजत होते. एक जण शेजारच्याशी बोलत होता. एकानं तर हँडल सोडून दोन्ही हातांनी जॅकेट काढलं, घडी केलं आणि पाठीच्या खिशात घातलं, तेवढ्या वेळात तो दिसेनासा झाला. तात्यांनी भंडाऱ्याची मूठ उचलली होती. ती उधळेपर्यंत घोळका संपला आणि सगळा भंडारा मागून येणाऱ्या गाडीच्या काचेवर बसला. आतल्या गोऱ्या गृहस्थानं वायपर लावला.

शेवटी ही शर्यत न्यूझीलंडच्या ल्यूक मडग्वेनं जिंकली. तो त्या घोळक्यात होता. म्हणजे आम्ही त्याला पाहिलं हे नक्की. कुठला, एवढंच नक्की नाही. पुतण्या म्हणतो डावीकडून तिसरा. तात्यांच्या मते जॅकेटवाला.

सायकली वीस सेकंदांत संपल्या. गाड्या मात्र संपेनात. प्रत्येक संघाची एक गाडी, टपावर उलट्या लटकवलेल्या सायकली, आत मेकॅनिक, बाटल्या, जास्तीची चाकं. रुग्णवाहिका. पंच. आणखी पोलीस. टपावरच्या सायकली आमच्यासमोरून रस्त्यावरच्या सायकलींपेक्षा सावकाश गेल्या, त्यामुळं आमच्या बांधावरच्या जाणकारांनी जी काही टीकाटिप्पणी केली ती बहुतेक टपावरच्या सायकलींवरच केली.

सगळ्यांत शेवटी एक गाडी येते. मागं पडलेल्या, दमलेल्या, शर्यत सोडलेल्या सायकलवाल्यांना उचलून घेणारी. फ्रान्समध्ये तिला झाडूगाडी म्हणतात आणि पूर्वी तिच्यावर खरोखरचा झाडू बांधलेला असे. हे पुतण्या सांगत असतानाच ती आली. रिकामी होती. इतक्या लवकर दमणारं कुणी नव्हतं. तात्या बांधावरून उतरले, सायकल हातात धरली आणि एसटीला करतात तसा हात केला.

गाडी हळू झाली. काच खाली आली.

“बारामतीला जागा हाय का?” तात्या म्हणाले. “दोन म्हातारी आन् एक पोरगं. सायकली वर टाकू.”

मला पन्नाशीच्या आत म्हाताऱ्यांत धरल्याचं दुःख करत बसायला वेळ नव्हता. आतला माणूस मराठी होता. तो हसला. “आजोबा, यात फक्त शर्यतीतले.”

“मग आमी कशातले?” तात्यांनी भंडाऱ्यानं पिवळ्या झालेल्या हेल्मेटवर बोट ठेवलं.

गाडी गेली. रस्ता मोकळा झाला, आणि आम्ही जेजुरी-मोरगाव मार्गानं घराकडं निघालो. जाताना जे चढलो ते आता वसूल होत होतं. तात्या पहिल्यांदाच बसून, पायडल न मारता, गाणं म्हणत चालले होते. त्यांच्या मते तो वेग शर्यतीचाच होता. मोरगावच्या अलीकडं पुतण्याचा मोबाइल वाजू लागला. सांगवीतून, माळेगावातून, शारदानगरहून फोटो येत होते. कुणाचा विजयाच्या कमानीखाली, कुणाचा बेल्जियमच्या माणसाच्या गळ्यात हात टाकून, कुणाचा टीव्हीवाल्यांच्या मागं हात हलवताना. आमच्या गल्लीतल्या दूधवाल्यानं तर एका सायकलवाल्याची रिकामी बाटली मिळवली होती आणि तिचा फोटो सात जणांनी सात वेळा पाठवला. ते लोक १३७ किलोमीटर जाऊन, थांबून, बक्षिसं घेऊन मोकळे झाले, तेव्हा आम्ही मोरगावला पोचत होतो. मोरेश्वराला बाहेरूनच हात जोडले. पाय जोडायच्या अवस्थेत नव्हते.

घरी पोचलो तेव्हा गावातले कुत्रे झोपले होते. काकू जाग्या होत्या. त्या त्या दिवशी ब्लाउज शिवायला टाकायला म्हणून बारामतीला गेल्या होत्या. रस्ते अडवलेले, शिंप्याचं दुकान पलीकडं. म्हणून दोरीपाशी उभ्या राहिल्या, आणि तिथंच शेवटची रेघ होती. सगळी शर्यत त्यांच्यापासून हातभर अंतरावर संपली. एक सायकलवाला तर धापा टाकत त्यांच्याच पायाशी रस्त्यावर आडवा झाला, तेव्हा त्यांनी त्याला पिशवीतली पाण्याची बाटली दिली होती.

तात्यांनी हेल्मेट, टोपी आणि मफलर, असे तिन्ही मजले उतरवले. भिंतीला टेकून बसले. “कशी वाटली?” त्यांनी विचारलं. पंचानं पंचाला विचारावं तसं.

काकूंनी ताट वाढत थोडा विचार केला.

“पोरं चांगली हायती. पण एकाच्याबी सायकलला कॅरियर न्हाई. त्यांच्यात दळण कशावर आणत्यात?”